सल्लसुत्त, सांधेदुखी आणि मेंदूची चित्रे

ध्यानसाधनेने शारीरिक वेदना कमी होते काय, या प्रश्नावर गेल्या चार दशकांत पाश्चात्त्य विद्यापीठांतून बरेच संशोधन झाले आहे. त्याचे पडसाद आता आपल्या विहारांतील प्रवचनांतूनही उमटू लागले आहेत. 'विज्ञानाने बुद्धवचन सिद्ध केले' असे एक वाक्य वर्षावासात हमखास ऐकू येते, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तातील सल्लसुत्त पुढे केले जाते. या वाक्याने उपासक-उपासिकांना अभिमान वाटतो, हे आम्ही समजू शकतो. परंतु अभिमान ही एक गोष्ट आणि अर्थनिर्णय ही दुसरी. सुत्तात जे आहे तेच प्रयोगशाळेत दिसले काय, आणि प्रयोगशाळेत जे दिसले ते आपल्या माणसांच्या दुखण्याला लागू पडते काय, हे दोन्ही प्रश्न तपासून घेतले पाहिजेत.

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. पाचोरा तालुक्यातील कोणत्याही विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला गेले असता भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेल्या उपासिकांची एक ओळ दिसतेच. निंदणी आणि कापूसवेचणी यांत चाळीस-चाळीस वर्षे घालविलेल्या या स्त्रिया आहेत. आमच्या खानदेशात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. 'टोंगळे गेले' एवढ्या दोन शब्दांत एका आयुष्याची मजुरी सांगून होते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या ग्रामीण पाहणीत सुमारे चार हजार प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडे यांचे दुखणे असल्याचे आढळले. झिजेचा संधिवात ५.८ टक्के लोकांत आणि आमवात सुमारे अर्धा टक्का लोकांत होता. म्हणजे गावातल्या दर पाच-सहा प्रौढांमागे एकाचे काही ना काही दुखत असते. अशा श्रोतृवर्गापुढे 'ध्यान करा, वेदना जाईल' असे सांगणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते.

प्रथम सुत्त पाहू. तथागतांनी तेथे प्रश्न असा मांडला आहे : अशिक्षित पृथग्जनाला सुख, दुःख आणि अदुःखमसुख अशा तिन्ही वेदना होतात, शिक्षित आर्यश्रावकालाही त्या होतातच, मग दोघांत भेद कोणता? उत्तरादाखल बाणाची उपमा येते. पृथग्जनाला शारीरिक वेदना झाली की तो शोक करतो, विलाप करतो, छाती बडवतो. त्यामुळे त्याला दोन वेदना होतात, एक कायिक आणि एक चैतसिक. एका बाणाने विद्ध झालेल्याला दुसऱ्या बाणाने पुन्हा विंधावे, तसे हे आहे. आर्यश्रावकाला एकच वेदना होते, कायिक. येथपर्यंतचा भाग सर्वांना पाठ आहे. परंतु प्रचलित निरूपणांत तीन गोष्टी बिनदिक्कत बदलल्या किंवा गाळल्या जातात, आणि आमचा आक्षेप नेमका तेथे आहे.

पहिली गोष्ट अशी की, पहिला बाण सुत्तात कोठेही नाहीसा होत नाही. आर्यश्रावकाचा गुडघा दुखतोच. दुखणे थांबण्याचे आश्वासन या सुत्ताने कोणालाही दिलेले नाही. दुसरी गोष्ट : दुसरा बाण माणूस स्वतःच स्वतःला मारतो, असे आजकाल सर्रास सांगितले जाते. मूळ पाळीत बाण मारणारा कोण, हे सांगितलेलेच नाही. विंधण्याचे क्रियापद कर्त्याविना येते. 'अनुवेध' या शब्दावर अट्ठकथेने दिलेले स्पष्टीकरण मोठे मार्मिक आहे. पहिल्या जखमेपासून एक-दोन बोटांच्या अंतरावर झालेला दुसरा वेध, असा तिचा अर्थ. आणि ही दुसरी वेदना पहिलीपेक्षा बलवत्तर असते, असेही तेथे म्हटले आहे. ताज्या जखमेशेजारी पुन्हा टोचले तर किती दुखते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही उपमा उलगडून सांगावी लागत नाही. त्यात रुग्णाला दोष देण्याचा सूर मुळीच नाही. तो सूर अलीकडच्या भाष्यकारांनी आपल्या पदरचा घातला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती बहुधा गाळलीच जाते. पृथग्जन दुःखवेदनेने गांजला की कामसुखाकडे वळतो, कारण दुःखातून सुटण्याची दुसरी वाट त्याला ठाऊक नसते, असे सुत्त सांगते. प्रतिघ, राग आणि अविद्या हे तीन अनुशय तेथे क्रमाने येतात : दुखण्याविषयीची चीड, सुखाची ओढ, आणि वेदनांचा उदय-व्यय, आस्वाद, दोष व निस्सरण यांविषयीचे अज्ञान. दिवसभर हमाली करून आलेला माणूस अंगदुखीवर उतारा म्हणून संध्याकाळी दारूच्या दुकानाकडे का वळतो, याचे इतके नेमके निदान आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही. त्याला नुसते पंचशील ऐकवून भागत नाही. दुखण्यापासून सुटण्याची दुसरी वाट दाखवावी लागते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी वेदनेचा 'द्वार-सिद्धान्त' मांडला, तेव्हापासून जखम आणि वेदना यांचे समीकरण सरळ नाही, हे शास्त्राने मान्य केले. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास-संघटनेने १९७९ साली व पुन्हा सुधारून २०२० साली केलेल्या व्याख्येत वेदना हा संवेदनात्मक आणि भावनात्मक असा दुहेरी अनुभव मानला आहे. कायिक-चैतसिक ही जोडी ज्यांना परिचित आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. १९९७ साली रेनव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संमोहनाच्या साहाय्याने दाखविले की, वेदनेची तीव्रता तीच ठेवून तिची असह्यता तेवढी कमी-जास्त केली, तर मेंदूच्या अग्र-सिंग्युलेट भागातील क्रिया त्याप्रमाणे बदलते. स्पर्शसंवेदना टिपणारे पटल मात्र त्याप्रमाणे बदलत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जीर्ण दुखण्याच्या रुग्णांसाठी स्मृतिसाधनेचा वर्ग सुरू केला, आणि १९८२ साली ५१ रुग्णांवरील पहिला अहवाल प्रसिद्ध केला. मेंदूची चित्रे नंतर आली. २०११ साली फादेल झैदान यांनी १५ निरोगी स्वयंसेवकांना चार दिवस, रोज वीस मिनिटे, श्वासावर लक्ष ठेवण्याचे शिक्षण दिले व त्यांच्या पोटरीला सुमारे ४९ अंश सेल्सियसचा चटका देऊन मेंदूचे चित्रण केले. वेदनेची असह्यता ५७ टक्क्यांनी आणि तीव्रता ४० टक्क्यांनी उतरल्याचे स्वयंसेवकांनी सांगितले. चित्रांत स्पर्शसंवेदनेच्या पटलातील क्रिया मंदावलेली आणि अग्र-सिंग्युलेट व इन्सुला या भागांतील क्रिया वाढलेली दिसली. २०१५ साली त्याच संशोधकाने ७५ जणांवर प्रयोग करून खोटे मलम आणि खोटे ध्यान यांच्याशी तुलना केली. खऱ्या साधनेचा परिणाम अधिक आढळला व मेंदूतील त्याची वाटही वेगळी दिसली. तेव्हा हा सारा श्रद्धेचा खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

तथापि 'पहिला बाण म्हणजे संवेदना-पटल आणि दुसरा बाण म्हणजे सिंग्युलेट' अशी जी सोपी जुळणी केली जाते, ती या आकड्यांवर टिकत नाही. झैदान यांच्या प्रयोगात पहिला बाणही बोथट झाला, म्हणजे सुत्तापेक्षा अधिकच घडले. आणि ज्या सिंग्युलेट भागाला 'दुसऱ्या बाणाचे स्थान' म्हणावे, त्याची क्रिया घटण्याऐवजी वाढली. जपानी झेन परंपरेतील जुन्या साधकांवर २०११ साली कॅनडात झालेल्या अभ्यासात आणखी निराळे चित्र दिसले : वेदना टिपणारे भाग जागे, आणि मूल्यमापन करणारा ललाटभाग, स्मरण व भय यांच्याशी निगडित भाग शांत. नवशिका आणि जुना साधक एकाच मार्गाने जात नाहीत, एवढे यातून दिसते. दुखण्याकडे लक्ष न देणे आणि दुखण्याकडे पाहूनही त्याच्या मागे न लागणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाळीत त्यांना दोन भिन्न शब्द आहेत, समथ आणि विपस्सना. मेंदूच्या चित्रांवर लिहिणारे बहुतेक लेखक दोहोंना 'मेडिटेशन' या एकाच पिशवीत कोंबतात.

याहून मोठी अडचण दुसरी आहे. निरोगी तरुणाच्या पोटरीला काही सेकंद दिलेला चटका आणि साठ वर्षांच्या बाईचा वीस वर्षे सुजलेला गुडघा या एकजातीय वस्तू नव्हेत. चटका थांबणार आहे, हे स्वयंसेवकाला माहीत असते. गुडघा उद्याही दुखणार आहे, हे त्या बाईला माहीत असते. मँचेस्टर विद्यापीठाच्या ब्राऊन आणि जोन्स यांनी २०१० साली नेमके या 'उद्या'कडे लक्ष वेधले. साधना जितकी जुनी, तितकी वेदनेची असह्यता कमी. आणि या फरकाचा संबंध वेदना येण्यापूर्वीच्या क्षणांत मेंदू तिची वाट कशी पाहतो, याच्याशी आढळला. २०१३ साली त्यांनी स्नायू व सांधे यांच्या जीर्ण दुखण्याने ग्रस्त रुग्णांवर अभ्यास केला, तेव्हा रुग्णांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले ते दुखणे घटल्यामुळे नव्हे. दुखण्यावर आपला काही ताबा आहे, ही जाणीव वाढल्यामुळे. हा निष्कर्ष आम्हांस सल्लसुत्ताच्या सर्वांत जवळचा वाटतो. गंमत अशी की प्रवचनांत तो क्वचितच सांगितला जातो, कारण त्यात टक्केवारीचा थाट नाही.

आमवाताच्या रुग्णांवरील अभ्यासही हेच दाखवितात. २००७ साली ६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन महिन्यांनी फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी मनःपीडा कमी झालेली दिसली. सांध्यांची सूज आणि रोगाची चढ-उतार मात्र जशीच्या तशी. २००८ साली १४४ रुग्णांवरील चाचणीत वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांना स्मृतिसाधनेचा सर्वाधिक लाभ झाला. २०१६ साली ३४२ जणांच्या जीर्ण कंबरदुखीवरील चाचणीत सहा महिन्यांअखेर स्मृतिसाधना करणाऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांची हालचाल लक्षणीय सुधारली. नेहमीचाच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते. हा लाभ खरा आहे, आणि तो मर्यादितही आहे. आमवातात सांधा आतून कुरतडला जात असतो. वेळीच औषध न घेता केवळ आसनावर बसून राहणाऱ्याचा सांधा वाकडा होतो, आणि मेंदूचे कोणतेही चित्र तो सरळ करू शकत नाही.

ही मर्यादा तिपिटकाला ठाऊक नव्हती काय? चांगलीच ठाऊक होती. खन्धसंयुत्तातील अस्सजि-सुत्त पाहावे. आजारी अस्सजि तथागतांना सांगतात की, पूर्वीच्या आजारांत कायसंस्कार शांत करून आपण राहू शकत होतो. या खेपेस समाधी लाभत नाही, आणि आपली अवनती तर होत नाही ना, अशी शंका मनात येते. यावर तथागत त्यांना 'साधना वाढवा' असे म्हणत नाहीत. समाधीलाच सार मानणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांना तसे वाटू शकते, असे ते म्हणतात, आणि अनित्यतेच्या विचाराकडे वळतात. आजाऱ्याच्या डोक्यावरचे केवढे ओझे येथे एका वाक्यात उतरविले आहे! सळायतनसंयुत्तात भिक्खू छन्न यांची वेदना तर वाढतच जाते. सारिपुत्त व महाचुन्द भेटीस येऊन पथ्य, औषध, परिचारक जे हवे ते मिळवून देण्याची तयारी दाखवितात. अर्हत-परंपरेच्या शिरोमणींनी रुग्णाला पहिल्याने विचारले ते औषधाविषयी आणि परिचर्येविषयी. एखाद्या उपासिकेला 'तुमची साधना कमी पडते, म्हणून गुडघा दुखतो' असे सांगणाऱ्याने हे दोन उतारे आधी वाचावेत.

विनयपिटकाचा भेसज्जक्खन्धक आणखी पुढे जातो. पिलिन्दवच्छ स्थविरांना अंगवात झाला. तथागतांनी शेक घेण्याची अनुज्ञा दिली. त्याने गुण आला नाही म्हणून औषधी पाल्याचा शेक, मग निखाऱ्यांच्या खड्ड्यावर पाने पसरून द्यावयाचा महाशेक, मग गरम पाण्याची कोठी. पुढे त्यांच्या पेऱ्यांत वात शिरला, म्हणजे 'पब्बवात' झाला. पब्ब म्हणजे पेर, सांधा. सांधेदुखीला पाळीत याहून जवळचा शब्द नाही. त्यावर रक्तमोक्षण व शिंगाने रक्त ओढणे यांना अनुज्ञा मिळाली. आजच्या वैद्यकाने हे उपाय सोडून दिले आहेत, तो भाग वेगळा. एक उपाय फसला की दुसरा, दुसरा फसला की तिसरा, ही रीत मात्र पाहण्याजोगी आहे. त्या प्रकरणात पिलिन्दवच्छांना ध्यानाला बसण्याचा सल्ला कोठेही दिलेला नाही. स्वतः तथागतांना वाताचा त्रास झाला तेव्हा उपवान स्थविरांनी देवहित ब्राह्मणाकडून गरम पाणी व गूळ आणला. कपिलवत्थूच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागली तेव्हा ते आनन्दांना उपदेश करावयास सांगून आडवे झाले. अट्ठकथा त्या दुखण्याला 'पिट्ठिवात' म्हणते आणि त्याचे मूळ सहा वर्षांच्या उग्र तपश्चर्येत शोधते. सम्यक सम्बुद्धांना पाठ टेकावी लागली, हे सांगण्यात परंपरेला संकोच वाटला नाही.

आपल्या भागात याचा एक दगडी पुरावाही आहे. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या रांगेत पितळखोरा लेणी आहेत. तेथील ब्राह्मी दानलेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या मुलाबाळांचे दान नोंदलेले आहे. इसवी सनापूर्वीच्या शतकांत या डोंगरातील भिक्खूसंघाचा एक प्रमुख आश्रयदाता वैद्य असावा, यात आम्हांस योगायोगापेक्षा काही अधिक दिसते.

येथे विपश्यनेच्या आजच्या प्रसाराविषयी लिहिणे भाग आहे. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे चालतात आणि आपल्या समाजातील सहस्रावधी स्त्रीपुरुष तेथे जाऊन आले आहेत. आचार्य सत्यनारायण गोयन्का हे स्वतः असह्य अर्धशिशीने त्रस्त होऊन १९५५ साली ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. डोकेदुखीच्या उपचारासाठी धम्म शिकण्यास येणे म्हणजे धम्माचे अवमूल्यन होय, असे सांगून गुरूंनी त्यांना प्रथम परत पाठविले, ही हकीकत गोयन्काजी स्वतः सांगत असत. शारीरिक व्याधी बरी करणे हा या साधनेचा हेतू नव्हे, असे शिबिराच्या नियमावलीतही आहे. तेव्हा 'विपश्यनेने संधिवात जातो' हा प्रचार संस्थेच्या शब्दापेक्षा आपल्या उत्साही कार्यकर्त्यांचा अधिक आहे. पण एक मतभेद नोंदवावासा वाटतो. या परंपरेत 'वेदना' या शब्दाचा अर्थ मुख्यतः शरीरावरील संवेदना असा केला जातो. सल्लसुत्तात वेदना कायिकही आहे आणि चैतसिकही. तेथील सारी मांडणी या दोहोंच्या भेदावर उभी आहे. एकाच अर्थावर भर दिला की दुसरा बाण दिसेनासा होतो, आणि साधक पहिल्याच्या मागे लागतो.

राहिला प्रश्न बाण मारणाऱ्याचा. आपल्याकडे सांधेदुखीला 'मागल्या जन्माचे भोग' म्हणणारे अजून आहेत. सीवक-सुत्तात तथागतांनी वेदनांची आठ कारणे दिली आहेत : पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतुबदल, विषम वर्तन, बाह्य आघात, आणि शेवटी कर्मविपाक. सर्वच वेदना पूर्वकर्माने होतात असे म्हणणारे, स्वानुभव आणि लोकांत सत्य म्हणून मान्य असलेली गोष्ट, दोहोंच्या पलीकडे धावतात, असे त्यांनी तेथे बजावले आहे. विषम वर्तन आणि आघात या दोन कारणांपाशी आम्ही थांबू इच्छितो. वाकून चाळीस वर्षे कापूस वेचणे हे त्या बाईने निवडलेले वर्तन नव्हे.

१९२९ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशी-समितीच्या कामासाठी खानदेशात आले होते. धुळ्याकडून परतताना चाळीसगावच्या बांधवांच्या आग्रहावरून ते तेथे उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. अखेर टांगा मिळाला तो आपल्यातीलच एकाने, हाकण्याची सवय नसताना, हाकला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या पायाची वेदना कायिक होती यात शंका नाही. पण तिचे कारण केवळ टांग्याचे चाक आणि पुलाचा दगड होते काय? बाबासाहेबांनी आपल्या लेखनात दुःखाचा अर्थ माणसाने माणसावर लादलेल्या दुःखापर्यंत नेला, याचा राग काही पाळी पंडितांना येतो. चाळीसगावचा पूल पाहिल्यावर तो राग टिकू नये.

यावर चूळमालुंक्य-सुत्ताचा आधार देऊन असे म्हटले जाते की, बाण लागलेल्याने तो कोणी मारला हे विचारू नये, आधी बाण उपटावा, अशीच बुद्धांची शिकवण आहे. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. तेथे संदर्भ जग शाश्वत की अशाश्वत, तथागत मरणोत्तर असतात की नसतात, अशा दहा अव्याकृत प्रश्नांचा आहे. सामाजिक कारणांचा शोध तेथे वर्ज्य ठरविलेला नाही. दीघनिकायाच्या चक्कवत्तिसीहनाद-सुत्तात दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या कशी उपजते, याची साखळी तथागतांनीच उलगडून दाखविली आहे. कूटदन्त-सुत्तात शेतकऱ्याला बी-बियाणे आणि चाकराला वेतन देण्याचा सल्ला आहे. ज्याने हे सांगितले, त्याच्या तोंडी 'कारण विचारू नका' हे वाक्य घालता येणार नाही.

व्यवहाराचे दोन शब्द लिहून थांबतो. सतिपट्ठान-सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चारही इरियापथांत स्मृती ठेवण्यास सांगितले आहे. मांडी घालून बसणे ही ज्याची त्याची सोय. ज्यांचे टोंगळे वाकत नाहीत अशा उपासिकांसाठी विहारात खुर्च्या ठेवण्यात धम्माला कोणताही कमीपणा नाही, आणि बुद्धमूर्तीसमोर पाय लांब करून बसल्याबद्दल कोणी त्यांना हटकू नये. येत्या वर्षावासात वेदनासंयुत्त एका बैठकीत सोयीचे उतारे काढून न वाचता सलग वाचावे, आणि सीवक-सुत्त वाचण्याच्या दिवशी तालुक्यातील एखाद्या अस्थितज्ज्ञाला विहारात बोलवावे. सूज, सकाळचा ताठरपणा आणि सांध्यांचा वाकडेपणा कोणता, व कोणत्या दुखण्याला वेळ न दवडता दवाखाना गाठावा, हे त्याने अर्धा तास सांगितले तरी पुरे. त्यानंतर आनापानसतीला बसावे. ज्यांना बसता येत नाही त्यांनी खुशाल पडून राहावे.